पाजणारी

"किती दिवस झाले वं बाई?" असं त्या बाईनं विचारलं तेव्हा पायलच्या हातात कुणा अनोळखी माणसाचा धुतलेला सदरा होता आणि ती त्याची तुटकी बटणं बोटांनी चाचपत बसली होती. "बावीस," ती बोलून गेली. ऑपरेशनला खरोखरच बावीस दिवस झाले होते. पण विचारणारी बाई ऑपरेशनचं विचारत नव्हती, हे तिच्या पुढच्याच वाक्यानं कळलं. "मंग शेक घ्याचा सोडून इथी काऊन आली? पोट्टा का पोट्टी?" बाई पन्नाशीची असावी. नदीकाठच्या चिचघाटातून काल नावेनं काढून आणलेल्यांपैकी. लुगडं अजून गुडघ्यापर्यंत चिखलाचं. तिनं पायलला पायऱ्या चढताना पाहिलं होतं, पोटावर हात धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. पोटाचा पट्टा साडीतून फुगलेला पाहिला होता, आणि असं चालणारी बाई कोण असते हे तिला कुणी सांगायला नको होतं. खरं सांगायचं तर ते याच वेळी सांगायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की मावशी, तसं नाही. पायलनं सदऱ्याची घडी घातली, कॉलर सरळ केली. "पोट्टा," ती म्हणाली.

म्हटल्यावर तिला भीती वाटली नाही, उलट छातीत काहीतरी सैल झालं, आणि त्या सैल होण्याचीच मग भीती वाटली. बावीस दिवसांत त्याच्याबद्दल उच्चारला गेलेला हा पहिला शब्द. घरी सगळे 'ऑपरेशन' म्हणत. सासूबाईंनी आळीत सांगून टाकलं होतं, पोटात गोळा झाला होता, काढला, आता बरी आहे. ते काही खोटं नव्हतं. गर्भाशयाऐवजी नळीतच अडकलेला तो जीव नळी फोडून बसला, पोटात रक्त साचलं, ती मोरीत पडली आणि गडचिरोलीच्या दवाखान्यात पोट उघडून डावी नळी काढावी लागली. पण त्याच्या आठच दिवस आधी तिनं पट्टीवर दोन रेघा पाहिल्या होत्या आणि जेवता जेवता नवऱ्याला, प्रफुलला सांगितल्या होत्या. त्याचा हात भातातच थांबला होता. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगू नये असं दोघांनी ठरवलं, आणि ते इतकं नीट पाळलं की गेल्यावरही सांगायला काही उरलं नाही. जे आलंय हेच कुणाला ठाऊक नव्हतं, ते गेलं असं कुणाकडे म्हणायचं? शाळेतल्या बाया भेटायला आल्या, सफरचंदं ठेवून गेल्या. एकजण म्हणाली, बरं झालं, वेळेवर निदान झालं. पायल हसली. ती तिसरीच्या वर्गाला शिकवायची. मुलांना रोज नवे शब्द देणारी बाई. आणि पाठ टेकून पडल्या पडल्या ती पंख्याकडे पाहत एक शब्द शोधत राहायची.

पूर आला नसता तर ती अशीच पडून राहिली असती. पण वैनगंगा गावांत शिरली, ब्रह्मपुरीच्या रस्त्यांवरून ट्रॅक्टर भरून माणसं, कोंबड्या, गाद्या येऊ लागल्या. प्रफुल विजेच्या खात्यात लाइनमन, तो तर पहिल्या दिवसापासून खांबांवरच होता. ऑटोवरचा भोंगा आळीतून ओरडत गेला की कॉलेजच्या हॉलमध्ये कपडे निवडायला बायांची गरज आहे. तिनं चपला घातल्या. "स्वतःचं पोट सावरत नाई, चालली गावाचं सावराले," सासूबाई म्हणाल्या. "बसूनच काम आहे, आई," ती म्हणाली. तीन वर्षांची रिंकू दारात उभी होती. आधी पळत येऊन कंबरेला बिलगायची ती पोर आता दोन हातांवर थांबायची, हात मागे बांधायची आणि विचारायची, "आई, बाऊ आहे अजून?" उचलायचं नाही, दीड महिना तरी उचलायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं, आणि पोरीनं ते आईपेक्षा नीट लक्षात ठेवलं होतं. त्या मागे बांधलेल्या हातांपासून दूर जायचं होतं तिला, आणखी काय. लोकांच्या उपयोगी पडावं हे तिनं वाटेत मनाशी जुळवून घेतलं.

आणि इथं आल्यावर त्या बाईनं, कुंता तिचं नाव, तिला तासाभरात ताब्यात घेतलं. जिचं घर बसलं होतं, जिची जाळी वाहून गेली होती, कोठीतला भात भिजून आंबला होता, त्या कुंतामावशीनं कपड्यांच्या ढिगातून एक लोकरी मफलर उपसला आणि पायलच्या डोक्याला कान झाकून करकचून बांधला. कुणाच्या तरी गादीच्या फाटातून कापूस ओढून तिच्या कानांत कोंबला. पाणी वाटणाऱ्या देवानंदभाऊंच्या हातचा गार पेला वरच्यावर अडवला. "भाऊ, बाळंतीन हाय ते. थंडं नोको देऊ. चुलीवरचं आन." देवानंदभाऊ कापडदुकानदार, मदतकेंद्राची सगळी धावपळ त्यांच्या अंगावर. ते एकदम खाली पाहू लागले, आणि थोड्या वेळानं स्वतः एक पाठीची खुर्ची घेऊन आले. त्या खुर्चीनं ते पक्कं झालं. दुपारी पंगत बसली तेव्हा पहिलं ताट तिच्यापुढे आलं. वरण वाफाळतं. समोर चिचघाटच्या बाया बसलेल्या. कुठल्याशा शहरातून कणकेची पाकिटं आली होती, त्यावरून त्यांचं चाललं होतं. "आमी भात खाणारे, हे कणीक कायले?" "रांगोळी काढ दारापुढं." "दार कुठी हाय मायवं?" आणि त्यावर त्या सगळ्या हसल्या, ज्यांचं दार गेलं होतं त्या सर्वांत मोठ्यानं. पायलही हसली, टाके ओढले, तिनं पोट धरलं. लगेच तीन हात पुढे आले. "हसू नोको वं जास्त, कच्चं आंग हाय."

त्या दिवशी आणि दुसऱ्याही दिवशी ती कपडे निवडत राहिली. पुरुषांचे, बायांचे, पोरांचे, फाटके. आणि बाया विचारत राहिल्या. वजन किती? ती म्हणाली पावणेतीन. कोणावर गेला? ती म्हणाली, बाबावर. घरी कोण पाहते त्याले? सासू. दूध काढून ठेवून येतो का? हो. प्रत्येक उत्तर आधीच्याहून सोपं येत गेलं. निवडता निवडता हाताला एक टोपडं लागलं, कडेला लाल दोरा शिवलेलं, आणि ते डोक्याला कितीसं होईल याचा विचार तिच्या मनात आला तेव्हा ती दचकली. पोरांच्या ढिगावर ठेवायचं ते तिनं काही क्षण मांडीवरच ठेवलं. माणूस वेडा होतो तो असाच होत असेल का, सोप्या सोप्या उत्तरांनी? पण मग मफलरची ऊब कानशिलांवर यायची. कुणीतरी तिला ओरडून सांगायचं, वाकू नोको. आणि तिला वाटायचं, एक दिवस फक्त. कोण कुणाचं काय घेतंय यात? पाणी उतरलं की ही माणसं जातील आपल्या गावाला, मी माझ्या वर्गावर. घरच्या दाराशी पोचण्याआधी ती मफलर सोडून पिशवीत कोंबायची आणि कानांतला कापूस काढून कोपऱ्यावरच्या नालीत टाकायची.

तिसऱ्या दिवशी तिला यायला उशीर झाला. टाक्यांची जागा दाखवायची होती, दवाखान्यात रांग होती. फाटकाशी मफलर पुन्हा बांधून तिनं हॉलमध्ये पाऊल टाकलं तेव्हा अकरा वाजून गेले होते, आणि कुंतामावशी दारातच होती, कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून. तिच्या सुनेचं बाळ. सून स्वाती अकरा दिवसांची बाळंतीण. पुराच्या पहाटे बाळाला टोपल्यात घालून ती गळ्याएवढ्या पाण्यातून नावेपर्यंत आली होती. आल्यापासून तिला कणकण होती, आणि आज सकाळी तापानं तिला भान राहिलं नाही तेव्हा गाडीतून सरकारी दवाखान्यात हलवलं होतं. "कवाची वाट पाहून राह्यलो तुही," कुंता म्हणाली. "पहाटेपासून उपाशी हाय हा. रडून रडून आता रडत बी नाई. घे." आणि तिनं ते गाठोडं पायलच्या हातात दिलं. इतक्या सहज, की हात आपोआप पुढे झाले. "सिस्टर आल्ती दुधाचे डबे घेऊन. दोनच राह्यले होते. मले देत होती. मी म्हनलं, आमच्यात पाजनारी हाय, ते त्या पलीकडच्या पोरीले द्या, तिच्याजोळ कोनी नाई. बस इथी भिंतीपाशी. मी आडोसा करतो."

आडोसा झाला. कुंतामावशीनं दोन्ही हात पसरून लुगड्याचा पदर धरला, तिच्याकडे पाठ करून. त्या हिरव्या पातळ कापडातून हॉलचा उजेड येत होता, माणसांच्या सावल्या त्यावरून जात होत्या, आणि आत, एका माणसापुरत्या त्या जागेत, मूल तिच्या मांडीवर होतं. त्याचं वजन तिला ओळखीचं वाटलं. पावणेतीन, तिनं सांगितलं होतं तेवढंच, जणू ऐकून कुणी तेवढंच आणून दिलं होतं. त्याचे ओठ कोरडे पडले होते, कडेला पांढरट. गालाला तिच्या ब्लाउजचं कापड लागताच डोकं वळलं, तोंड उघडलं आणि ते कापडच चोखू लागलं. तिच्या अंगावरून काटा सरसरत गेला. रिंकूचं दूध तोडलं होतं कडुनिंबाचा पाला वाटून लावून, सव्वा वर्षाची असताना. पोरीनं एकदा तोंड लावलं, थू केलं, आणि आईकडे असं पाहिलं की पायल न्हाणीत जाऊन रडली. ते सगळं अंग आता आठवत होतं. तिचा हात हुकाकडे गेला. एक हूक निघाला. तिच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं, की कदाचित येईल. कुणी सांगावं, लागलं की येईल. आणि नाही आलं तरी त्याला क्षणभर वाटेल ना, की आहे. मग पोराच्या तोंडातून बारीकसा आवाज निघाला, रडण्याइतकाही नव्हे, खिळ्यानं पाटी ओरखडावी तसा. ज्याला क्षणभर वाटायला हवं होतं ते हे पोर नव्हतं. ती होती. दुसऱ्या हुकावर तिची बोटं तशीच राहिली.

"मावशी, मले दूध नाई." शाळेतली भाषा गळून पडली होती. "येते. तोंडी लागू दे, येते," पदराबाहेरून कुंता म्हणाली. "नाई येत. मले पोट्टा नाई झाला. कोनीच नाई झालं." सावल्या कापडावरून जात राहिल्या. कुंताचे पसरलेले हात तसेच होते, कितीतरी वेळ, जणू ऐकलं ते तिनं अजून हातांना सांगितलं नव्हतं. मग पदर खाली आला. हॉल होता तसाच होता, पण जवळच्या आठदहा बाया इकडे पाहत होत्या. "मंग तीन दिवस हे काय होतं?" कुंतानं विचारलं. पायलनं सुटलेला हूक लावला. भिंतीकडच्या एकीनं तोंडाला पदर लावला. "शिकल्यासवरल्या बाया वं ह्या. आपल्याले काय, सांगन ते खरं." दुसरी म्हणाली, "आन आपुन गरम पानी देऊन राह्यलो." कुंतामावशीनं वाकून पोर उचलून घेतलं. तिच्या तोंडावर राग आला असता तर बरं झालं असतं. तिनं नुसतं म्हटलं, "पोट्टा उपाशी हाय."

ती उठली, कशी ते नंतर आठवलं नाही. देवानंदभाऊंनी विचारलं, काय झालं मॅडम, आणि ती म्हणाली, पाणी उकळून ठेवा, वाटी-चमचा उकळून ठेवा, मी आले. कॉलेजसमोरचं औषधाचं दुकान बंद होतं. पुढच्या चौकातलं उघडं, पण तिथं संपलं होतं. त्याच्या पुढचं बसस्टँडकडे. रस्त्यात ऑटो एक नव्हता, सगळे माणसं आणायला लागलेले. ती चालली. चालता चालता डावीकडे टाक्यांपाशी कळ उठली आणि तिथंच थांबून राहिली, आणि तिला त्याचं एक वाईट समाधान वाटलं, की चला, हे तरी खरं आहे. डोक्याला मफलर तसाच, भादव्याच्या उन्हात, लोक बघत होते. दुकानदारानं विचारलं, किती महिन्यांचं बाळ? "अकरा दिवस," ती म्हणाली, आणि मग उगाचच, "माझं नाही." त्यानं डबा पुढे सरकवला. परत येताना तिनं दोन्ही हातांनी पोटाचा पट्टा आवळून धरला होता आणि डबा काखेत. तिला फक्त तो खिळ्याचा आवाज ऐकू येत होता, आणि हॉलमध्ये पोचल्यावर तो ऐकू येणार नाही या विचारानं तिचे पाय आपोआप जलद पडत होते.

आवाज येत होता. तिनं भुकटी मोजून घातली, ढवळलं, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहिला. मांडीवर घ्यायला ती खाली बसणार तोच कुंतामावशीनं वाटी तिच्या हातातून घेतली. "राहू दे." मग चमच्याच्या टोकानं एकेक थेंब, गालाच्या आतून. पहिले चार थेंब बाहेर ओघळले. पाचवा गिळला. बाया भोवती जमून श्वास धरून होत्या, आणि पोर गिळू लागलं तशी एकीनं दुसरीला कोपर मारलं, "खादाड हाय, आज्यावर गेला." पायल त्या घोळक्याच्या बाहेर उभी राहिली. तिथून चमचा दिसत नव्हता, कुंताचं कोपर वर-खाली होताना दिसत होतं, तेवढंच ती पाहत राहिली.

मग ती आपल्या ढिगापाशी जाऊन बसली, खुर्चीवर नाही, खाली. घरी जावं असं वाटत होतं आणि पळून गेल्यासारखं दिसेल असंही. मफलर सोडावा का? सोडला तर तो कुठं ठेवायचा, कपड्यांत, की मावशीला परत द्यायचा? तो तिचा तरी कुठं होता. अशा बारीक बारीक प्रश्नांत तास गेला असेल. आणि कुंतामावशी येऊन शेजारी बसली. पोर खांद्यावर झोपलं होतं. ती पायलकडे न पाहता कपडे निवडू लागली, पोरांचे, बायांचे. एका झबल्याची घडी घालत म्हणाली, "मंग पोट कायचं फाडलं?"

पायलनं सांगितलं. नळी, रक्त, मोरी, दोन रेघा. प्रफुलचा भातात थांबलेला हात. ती एका दमात बोलत गेली आणि मध्येच तिच्या लक्षात आलं की ती पहिल्यांदाच बोलतेय. कुंतानं मान हलवली नाही, च्च च्च केलं नाही. "किती महिन्याचं होतं?" "दोन बी नाई झाले होते." "हं," कुंता म्हणाली. एका परकराची नाडी ओढून पाहिली, शाबूत होती. "माह्यं तिसऱ्यातलं गेलं. माहा मोठा तवा दोन-तीन वर्साचा असन. आमच्यात कितीबी लहान असो, मातीत ठेवतेत. बांधावर ठेवलं आमी, मोहाच्या झाडाच्या बुडाशी. वावरात गेली का तिथी बसूनच शिदोरी खातो मी. कोनाले सांगत नाई काऊन ते." परकर तिनं घडीवर ठेवला. "आता पान्यात असन सारं. मोह दिसते म्हने वरवरचा." मग तिनं पहिल्यांदा पायलकडे पाहिलं. "तुह्यं कुठी ठेवलं?"

बावीस, चोवीस दिवस पायल एका शब्दासाठी झुरत होती आणि इतकं साधं तिच्या मनात आलंच नव्हतं, की ते कुठंतरी असणार. काढलं म्हणजे ठेवलं. कुणीतरी, कुठंतरी. "मले नाई माहीत," ती म्हणाली. "इचारलं नाई?" "नाई." कुंतामावशीनं पोराला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "खोटं बोलली ते बोललीच तू," ती म्हणाली. "उद्या स्वाती आली का तिले तूच सांगजो तुह्या तोंडानं. मी नाई सांगनार. पन हे इचारजो." आणि उठून गेली. मफलर मागितला नाही.

पाच वाजता प्रफुल घ्यायला आला. मोटरसायकल फाटकाशी लावून, खाकी शर्टवर वाळलेला चिखल, कमरेला पकड. आजचाही दिवस असाच खांबांवर गेलेला, डोळे आत. तिच्या डोक्याचा मफलर पाहून तो म्हणाला, "सर्दी झाली का?" ती म्हणाली, "ते कुठं ठेवलं?" "काय?" "दवाखान्यात. काढलं ते." त्यानं मागं वळून हॉलकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "घरी चाल न, पायल. पानी येईल." "आधी सांगा." तो गाडीवरून उतरला. पकड कमरेची काढली, उघडली, मिटली. त्याच्या बोलण्यात जोर नव्हता. बाजार करून आल्यावर काय काय आणलं ते सांगावं तसं तो सांगू लागला. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी बाटली आणून दाखवली. तपासायला नागपूरला पाठवावी लागते म्हणाले. त्यांचा माणूस दोन दिवसांनी जाणार होता. "मी म्हनलं, मीच नेतो." त्या दिवशी तो दिवसभर दवाखान्यात नव्हता हे तिला आठवलं. लाइन पडली होती म्हणाला होता. तिच्या आईनं तोंड वाकडं केलं होतं, आणि तिनंही.

"एसटीनं?"

"हो. पिशवीत ठेवली, मांडीवर घेतली. इथी ब्रह्मपुरीले गाडी दहा मिनटं थांबली. आपल्या आळीचं टोक दिसते न स्टँडवरून. उतरलो नाई." पकड पुन्हा उघडली. "तिथी देल्यावर त्यायनं पावती देली. म्हनलं, परत भेटन का तपासल्यावर? तो पोट्टा हसला. म्हने, परत कोनी मांगत नाई, काका."

रस्त्यावरून माणसांनी भरलेला ट्रॅक्टर गेला.

"नागभीडले एक बाई चढली," प्रफुल म्हणाला. "लेकरू होतं कडेवर. म्हने, भाऊ, पिशवी खाली ठेवा न, त्याले बसवतो. मी उठलो. त्याले जागा देली आन उभा राह्यलो."

"नागपूरपर्यंत?"

"गाडी लय हलत होती," तो म्हणाला. "दोन्ही हातानं धरून होतो. कंडक्टर तिकीट पाहाले आला, तवा बी हात सोडला नाई. त्यानंच खिशातून काढून पाह्यलं आन परत ठेवलं."